दोन बोरगावं

कॉम्प्युटरकडे कुणी हात नेला, की माझे वरिष्ठ आधी त्याच्यापुढे पाठकोरा कागद सरकवायचे. "त्याले मंग हात लावजो. पह्यले घरं काढ."

घरं म्हणजे चौकटी. शेतकऱ्याची एक, गावाची एक, बियाण्याची एक. कुठली माहिती कुठल्या घरात राहील, हे कागदावर ठरल्याशिवाय प्रोग्रामची एक ओळ लिहायची नाही. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत वर्ध्याच्या आमच्या बियाणे वाटप कार्यालयात हे कळणारे ते एकटेच. मी आष्टीहून आलेली, सहा महिन्यांच्या बोलीवर लागलेली. काम जमलं तर कायम होणार होते.

मला ते "बेटा" म्हणायचे. एकच माहिती दोन चौकटींत लिहिलेली दिसली की चहाची बशी खाली ठेवायचे. "एका माणसाले दोन घरं काऊन? भांडणं लागतीन ना!" तुम्हीही असे गुरू पाहिले असतील, रागावले तरी जवळचे वाटणारे. मला तर ते फारच जवळचे वाटत.

प्रत्येक गावाला नंबर द्यावा, असं मी म्हटलं होतं. ते हसले. "गावाले कोणी नंबरानं बलावते का? नाव पुरे झालं." जिल्ह्यात बोरगावं दोन आहेत, एक वर्ध्याला लागून असलेलं बोरगाव मेघे आणि दुसरं लांबचं, हेही मी सांगितलं. "आपल्याले बोरगाव म्हणजे मेघेच." त्यांच्या शब्दावर मी कागद पक्का करून दिला.

पेरणीच्या तोंडावर यादीत दोन्ही बोरगावं एक झाली आणि सगळं बियाणं मेघेला उतरलं. दुसऱ्या बोरगावचे लोक रिकाम्या बैलगाड्या घेऊन कार्यालयात आले. साहेबांनी घरांचा कागद मागवला. अक्षर माझं होतं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते साहेबांना म्हणाले, "बाई शिकून राह्यली साहेब. होते चूक."

आवाज किती मायेचा होता! एवढ्या दिवसांत त्यांनी मला पहिल्यांदाच बाई म्हटलं.

मग व्हरांड्यात म्हणाले, "माह्या रिटायरमेंटले दोनच महिने राह्यले. तुह्यापुढे तं सारी जिंदगी आहे." माझं कायम होणं तिथेच बारगळलं. आज मी पोरांना शिकवते ते त्यांचंच, पण त्यांनी केलेला विश्वासघात अजून घशाखाली उतरत नाही.

शेवटच्या दिवशी मी आष्टीच्या बसमध्ये बसले, तर ते खिडकीखाली आले. टेबलावर राहिलेला माझा जेवणाचा डबा त्यांनी वर दिला. बस सुरू झाली तरी हलेनात. 'चूक तुझी नव्हती' एवढं त्यांनी म्हणावं, म्हणून मी खिडकी उघडीच ठेवली.

ते म्हणाले, "सांभाळून जाजो."