धबधबा मोस्काच्या घेवड्यात

झानिस आमच्या गावचा पाटकरी. गावात वडीलधाऱ्या माणसाला बार्बा म्हणतात, आणि झानिस ऐन तिशीत होता तेव्हापासून सगळे त्याला बार्बाच म्हणायचे, कारण त्याचा चेहराच रुसलेल्या काकाचा. मी तेवढी झानिस म्हणते. माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठा तो. मानलेल्या भावाला कोणी अहोजाहो करतं का?

ग्रीसमधल्या आमच्या अँड्रॉस बेटावर डोंगराच्या झऱ्यांना तोटा नाही. गावावरच्या झऱ्याचं पाणी कड्यावरून कोसळतं, तो आमचा धबधबा. पण उन्हाळा लागला की झानिस कड्याच्या माथ्यावर फळी टाकायचा आणि सगळं पाणी पाटात वळवायचा. मग ज्याची पाळी, त्याच्या बागेत पाणी. पाळी बदलली की शंख फुंकायचा. सकाळी वरच्या लिंबाच्या बागेला, दुपारी माझ्या घेवड्याला, आणि सगळ्यांत शेवटी पाटकऱ्याच्या स्वतःच्या बागेला, असा रिवाज. वाफा अर्धा कोरडा असला तरी शंख वाजला की पाटावरचं माझं दार बंद. त्यावरून दर उन्हाळ्यात आमचं भांडण ठरलेलं.

आणि पाहुणे येतात ते नेमके ऑगस्टात! टोप्या घालून, काठ्या टेकत, माझ्या कॉफीच्या दुकानाशी थांबतात. पायवाट तिथूनच चढते.

"धबधबा कुठे आहे?"

झानिस कॉफीचा कप खाली न ठेवता सांगायचा, "धबधबा आत्ता मोस्काच्या घेवड्यात आहे. नोव्हेंबरात या."

मोस्का म्हणजे मी. पाहुण्यांची तोंडं उतरायची. पण झानिस त्यांना रिकाम्या हाताने धाडायचा नाही. कॉफी संपवून स्वतः वर घेऊन जायचा. चिनारांच्या सावलीतला डोह दाखवायचा, पावाचा चुरा टाकून तिथले खेकडे बाहेर काढायचा, आणि मग कोरड्या कड्यामागच्या कपारीत न्यायचा. तिथे भर उन्हात नेच्याची पानं ठिबकत असतात. धबधबा वाहता असताना त्या कपारीत पाय ठेवता येत नाही. "हे नोव्हेंबरातल्या लोकांना दिसत नाही," असं तो वर ऐकवायचा. एक डच बाई तिथे उभी राहून रडली होती म्हणे. थंडी वाजली असेल, दुसरं काय.

मी त्याची चेष्टा करते, पण त्याचे माझ्यावर उपकार आहेत. माझा नवरा जहाजावर, मुलगी कडेवर, आणि त्यात झरा आटलेला, असं एक वर्ष आलं. लिंबाच्या बागेचा मालक कप्तान म्हणाला, "हिचा नवरा घरी नाही, हिला कशाला एवढं पाणी? तिची पाळी माझ्याकडे वळव." झानिस फावडं घेऊन पाटात उभा राहिला. "पाणी मी नवऱ्याला देत नाही," म्हणाला, "घेवड्याला देतो." माझी पाळी झाल्यावर पाटात उरायचा नुसता चिखल. त्या वर्षी झानिसची स्वतःची लिंबाची झाडं वाळली. तोडून चुलीत घातली त्याने. आम्ही मायलेकींनी तो हिवाळा त्या घेवड्यावर काढला. हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर कॉफी अर्धी टाकून उठला असता.

यंदा ईस्टरला तो बांधावरून पडला आणि खुब्याचं हाड मोडलं. पाटाचं काम पांदेलिसकडे गेलं. झानिसची खाट गच्चीवर, कड्यासमोर. त्याची मुलगी एव्दोकिया ऑगस्टातल्या मारियामातेच्या सणाला पिरेअस शहरातून आली ती बापाला कायमचं घेऊन जायचं ठरवूनच. चुकलं नाही तिचं. गावात पायऱ्याच पायऱ्या आणि डॉक्टर बंदरावर.

सणाच्या आदल्या दिवशी मी त्याला मुरांबा घेऊन गेले.

"काय न्यायचंय बरोबर?" मी विचारलं.

"काही नाही. जाण्याआधी एकदा पाणी पडताना ऐकायला हवं होतं. पण ऑगस्ट आहे."

"मग सांग ना पांदेलिसला!"

"वेड लागलंय का तुला? पाणी काय माझ्या बापाचं आहे?"

मी घरी आले, पण चैन पडेना. सणाची प्रार्थना सुटल्यावर चर्चच्या अंगणात मी सगळ्यांसमोर सांगितलं, "उद्याची माझी पाळी कड्यावरून सोडा. झानिसला ऐकू दे."

पांदेलिस म्हणाला, "मोस्का, कडा तापलाय. एका पाळीचं पाणी दगडच पिऊन टाकतील."

तेव्हा मागून आवाज आला. त्या कप्तानाचा मुलगा. बाग आता त्याच्याकडे आहे. "माझी सकाळची पाळीही घ्या," तो म्हणाला. ऑगस्टातली पाळी सोडणं म्हणजे काय, हे बागवाल्यालाच कळतं. बापाची आठवण काढून मी त्याच्याशी नीट बोलत नसे. त्या दिवशी मी त्याचे दोन्ही गाल ओढून मुके घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांदेलिसने फळी काढली. मी कॉफी घेऊन गच्चीवर गेले, तर रात्रभर दुखण्याने जागलेला झानिस गाढ झोपलेला. आधी कडा नुसता काळा झाला, मग पाण्याची एक धार दिसली, आणि दुपारपर्यंत धो धो आवाज घुमायला लागला.

झानिस खाटेवर ताडकन उठून बसला. "चोर! कोणी काढली फळी? पांदेलिस झोपा काढतोय! मोस्का, पळ, तुझी पाळी आहे, घेवडा जळेल तुझा!"

"बाबा, पडाल!" एव्दोकियाने त्याला धरलं. तो कुबडी शोधत होता.

"चोरलं नाही," मी ओरडले, "दिलंय! माझी पाळी आहे, मी वाटेल तिथे पाणी नेईन."

"आणि सकाळची?"

"कप्तानाच्या पोराने दिली. तुझ्यासाठी."

त्याने कुबडी शोधणं सोडलं. "आणि घेवडा?"

"खड्ड्यात गेला घेवडा."

समोरच्या पायवाटेवर पाहुणे टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, हे रोजचंच. झानिसच्या डोळ्यांतलं पाणी मिशांत उतरलं. "केवढा आवाज आहे याचा," तो म्हणाला. "आणि मी याला उन्हाळाभर गप्प बसवत होतो."

आता बोलावं म्हणून मी सुरुवात केली, "झानिस, त्या वर्षी तू पाटात उभा राहिलास ना, तेव्हा माझ्या मुलीच्या—"

"गप्प बस ना जरा. ऐकू दे."

कड्याची सावली डोहापर्यंत आली तशी त्याने उशाखाली हात घातला. शंख पांदेलिसला द्यायचा राहिलाच होता, किंवा देववला नव्हता. पहिली फुंक वाया गेली. दुसरी साऱ्या दरीत घुमली.

"मोस्काची पाळी संपली," तो म्हणाला. "आता माझ्या बागेची. पांदेलिसला सांगा, फळी टाक, आणि माझं पाणी मोस्काच्या घेवड्याला सोड." शंख त्याने माझ्या हातात ठेवला. "हा त्याला नेऊन दे. आणि इथे रडत बसू नकोस, दारं धर जा. पाणी वाया जाईल."

मी गेले. दिवेलागणीपर्यंत वाफे भरले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच घेवडा पोटभर प्याला.

दुसऱ्या दिवशी बोट गेली. मी बंदरावरून परत येऊन दुकान उघडलं, तर दारात काठ्या घेतलेलं एक जोडपं उभं.

"धबधबा कुठे आहे?"

त्यांना आधी कॉफी दिली, डोळे पुसले, आणि मग सांगितलं.

"मोस्काच्या घेवड्यात आहे. चला, मी डोह दाखवते."