गंगेत सोडलेल्या मतपत्रिका

गंगेकाठी मंगला गौरीच्या देवळाच्या आसपास राहणाऱ्या आम्हा मराठी घरांची एक छोटी पतपेढी होती. पुजारी, शिक्षक, रेल्वेतून निवृत्त झालेले, सगळ्यांच्या ठेवी तिथेच. संचालकांच्या निवडणुकीत मतमोजणी माझ्याकडे आली. उभा जन्म बँकेत गेलेला, त्यामुळे मला माझ्या सचोटीचा जरा जास्तच ताठा होता.

जुने अध्यक्ष तीन मतांनी पडले. निकाल फळ्यावर लागला. मतपत्रिकांच्या माथ्यावर ‘श्री’ छापलेलं होतं. आमच्यात असा कागद कुणी कचऱ्यात टाकत नाही. लग्नपत्रिका असो की जुनं पंचांग, गंगेतच जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्नानाला निघताना मी तो गठ्ठा सोबत घेतला आणि बालाजी घाटावर पाण्यात सोडला. वर नमस्कारही केला.

दुपारी जुन्या अध्यक्षांनी फेरमोजणी मागितली.

“मतपत्रिका काढा.”

“विसर्जन केलं त्यांचं.”

कुणीतरी हसलं आणि माझं डोकं फिरलं. “जन्मभर नोटा मोजल्यात मी, मला मोजणी शिकवता?” म्हणून तरातरा निघून आलो. चूक झाली, पुन्हा मतदान घ्या, एवढं म्हणायला हवं होतं. ते तोंडातून निघालं नाही.

आठवड्याभरात गल्लीत एकच बोलणं: मतांचा पुरावा ठेवला नाही, ते ठेवी काय सांभाळणार? पेढीसमोर रांग लागली. पैसा बुडाला नव्हता, पण बहुतेक कर्जाऊ दिलेला, हाताशी रोजच्यापुरताच.

रांगेत माझी थोरली बहीण होती. नवऱ्यामागे तिला त्या ठेवीचाच आधार.

“ताई, माझ्यावर भरोसा नाही?”

“तुझ्यावर आहे रे. पण हे सगळे काढून नेतील, मग मी काय करू?”

त्या दिवशी तिचा नंबर आलाच नाही. मला तिचा राग आला, आणि घरी जाऊन मी स्वतःचं पासबुक शोधलं.

दुसऱ्या दिवशी पेढी उघडायच्या आधीच मी दारात होतो. सगळी ठेव काढली. वळलो तर मागे चार माणसं सोडून ताई उभी. तिचा नंबर येण्याआधीच रोकड संपली आणि खिडकी बंद झाली.

माझ्या हातातल्या नोटांकडे बघत तिने पहिल्यांदाच विचारलं, “मोजणी खरी होती ना रे?”