पहिली बट

माझी शेजारीण बासिलिया इथे पेरूत, कुस्कोच्या बाजारात पाव विकते. तिच्याइतकी हट्टी बाई आमच्या चढावरच्या सबंध गल्लीत सापडायची नाही, हे मी तिच्या तोंडावर सांगते.

तिचा मुलगा आब्दोन माद्रिदला असतो. तिथलीच बायको केली, मुलगा झाला, इकेर. आमच्यात जावळाची पहिली बट समारंभाने कापतात. तोवर केसांना कात्री लावायची नाही. बासिलियाने फोनवरच बजावलं, "पहिली बट मी कापणार. खबरदार!"

आब्दोन दरवर्षी विचारायचा, "आई, यंदा येऊ?"

"छप्पर गळतंय रे. सून पहिल्यांदा येणार, तिला काय बादल्यांमध्ये झोपवू?"

जुन्या शहरात पत्रा चालत नाही, लाल कौलंच लागतात. पाव विकून कौलं घ्यायची म्हणजे वर्षांवर वर्षं जाणारच.

"अगं बये, नातू काय छप्पर बघायला येतोय?" मी ओरडायचे.

"होनोराता, तू आपली मक्याची चिचा गाळ."

या वर्षी एकदाची कौलं चढली. नातेवाईक जमले, मेजवानीला गिनीपिग भाजले, माझी चिचा रांजणभर तयार. ताटात रिबीन बांधलेली नवी कात्री. इकेर टॅक्सीतून उतरला तो लोकरी टोपी कानांवर ओढून. बासिलियाने त्याला कवटाळलं आणि कौतुकाने टोपी काढली.

डोकं बारीक कापलेलं होतं.

"शाळेत पोरं 'मुलगी, मुलगी' म्हणून चिडवायची," आब्दोन खाली बघत म्हणाला. "रोज रडत यायचा. हिवाळ्यात कापले. व्हिडिओ कॉलवर टोपी घालूनच बसवायचो त्याला. तुला सांगायचा धीर झाला नाही, आई."

"आणि केस कुठायत?"

"सलूनमध्येच राहिले," सून म्हणाली. बिचारीला त्यात काय चुकलं तेच कळेना.

माझा जीव तुटला. म्हटलं, "असू दे गं, आहेत त्यातलेच चार काप."

"पहिल्यांदा कापते ती आजी. दुसऱ्यांदा कापतो तो न्हावी." तिने कात्री उचलून आत ठेवली आणि पाहुण्यांना वाढायला घेतलं. सगळ्यांना आग्रह केला, हसलीसुद्धा.

मंडळी पांगल्यावर इकेर तिच्या मांडीवर झोपला. ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत बसली होती.

"मऊ होते का रे?" तिने आब्दोनला विचारलं.

"फार मऊ होते, आई."

"तू तर येतो म्हणत होतास," ती म्हणाली. "मीच नको म्हटलं."