परिचयाची गरज नसलेला पाहुणा

शनिवार, १७ फेब्रुवारी २०२४. थंडी ओसरली. सकाळी नळ आलाच नाही. भाऊजींचे जाकीट इस्त्रीहून आणवले. दुपारी बराका आणि माहेनूर जेवायला होते. ज्वारीच्या कण्या, वांग्याची भाजी, ताक. संध्याकाळी मंडळाचा कार्यक्रम. बाकी उद्या.

कौशल्याबाईंच्या डायरीत ‘बाकी उद्या’ हे शब्द सहसा सापडत नाहीत. दिवस संपला की त्याचा हिशेब त्याच दिवशी लिहून मोकळे व्हायचे, ही सवय त्यांना कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी लावली होती. ती लग्नात टिकली आणि नवरा गेल्यावरही टिकली. पण त्या शनिवारी पेन थांबले. लिहायचे तर धाकट्या दिरांबद्दल लिहावे लागणार होते, आणि भगवंतराव गावंडे यांच्याबद्दल थोडक्यात काही सांगणे आजवर कोणालाच जमलेले नाही. खुद्द भगवंतरावांना तर मुळीच नाही.

भगवंतराव अमरावतीचे सूत्रसंचालक. पुस्तक प्रकाशन असो, साठीशांत असो की रक्तदान शिबिर, व्यासपीठाच्या डाव्या कोपऱ्यात तपकिरी जाकीट दिसले की लोक ओळखत, आज घरी जेवायला उशीर होणार. त्यांच्या हातात पहिला माइक आला तो नांदगाव खंडेश्वरच्या यात्रेत, एका हरवलेल्या मुलाची घोषणा करायला. मूल केव्हाच आईपाशी पोहोचले होते, घोषणा मात्र चालूच राहिली. वडिलांनी त्यांना शेतीत घालून पाहिले. निंदायला आलेल्या बाया दुपारी भाकर सोडून बसल्या की हे बांधावर उभे राहून ‘उपस्थित माताभगिनींनो’ म्हणू लागले. बायांनीच वडिलांकडे तक्रार केली. मग सरकारी कचेरीत कारकुनी झाली. तिथल्या स्वतःच्या निरोप समारंभाचे सूत्रसंचालनही त्यांनीच केले, आणि स्वतःचा परिचय करून देताना दोनदा गहिवरले.

माइकवर त्यांची भाषा न्हाऊन-माखून, गंध लावून येई. घरात मात्र ते अस्सल वऱ्हाडी बोलत. पाहुणा कोणीही असो, ‘यांना परिचयाची गरज नाही’ असे म्हणून ते परिचयाला सुरुवात करत आणि चहा गार होईपर्यंत थांबत नसत. दुसरा नेम असा, की सभागृहात मानाचा माणूस शिरला की चालले असेल ते थांबवायचे आणि आधी त्याचा सत्कार करायचा. शाल, नारळ, टाळ्या. गाणे चालू असेल तर गाणे थांबायचे.

“गानाऱ्याचं काय हाये, वहिनी,” ते म्हणत, “तो पुन्हा सुरू करते. पन मानूस एकदा रुसला का दहा वर्सं येत नाही.”

या फेब्रुवारीत त्यांची झोप उडाली होती. पुढच्या महिन्यात अमरावतीत तीन दिवसांचे मोठे संमेलन होते आणि त्याचा माइक कोणाला द्यायचा, हे सांस्कृतिक मंडळाचे सचिव वामनराव ठरवणार होते. शहरात दामिनी नावाची एक नवी मुलगी आली होती. ती दोन वाक्यांत पाहुण्याला उभे करी आणि बाजूला होई. वामनरावांनी भगवंतरावांना सांगून टाकले होते, “शनिवारचा कार्यक्रम पाहू. मग ठरवू.”

शनिवारचा कार्यक्रम म्हणजे ‘आफ्रिकन हिपहॉप: एक सांस्कृतिक संध्या’. ही कल्पना बार्शीटाकळीच्या माहेनूरची. ती अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकते. तिच्या वर्गात टांझानियातल्या, मोठ्या तळ्याकाठच्या म्वांझा शहराचा बराका आहे, आणि तो स्वाहिली भाषेत रॅप करतो. मंडळाला जागतिक काहीतरी हवेच होते. मुलांना मानधन द्यावे लागत नाही हे कळल्यावर ते फारच जागतिक वाटू लागले.

दोघांना जेवायला कौशल्याबाईंनी बोलावले. इंग्रजी येणारे घर म्हणून भगवंतरावांनीच सुचवले होते. बराकाने कण्यांचा पहिला घास घेतला आणि म्हणाला की त्याच्या घरी मक्याचे अगदी असेच करतात, फक्त ताक नसते. त्याच्या गावाकडे कपाशी होते, जमीनही काळीच. भगवंतरावांना एवढ्याने समाधान झाले नाही.

“वहिनी, त्याले इचारा, यांच्या घरापाशी सिंह कुठलोक येते?”

कौशल्याबाईंनी नाइलाजाने इंग्रजीत विचारले. बराकाने शांतपणे घास गिळला. “सिंह बघायला तिकीट पडतं, आजी. मी अजून बघितला नाही. तुमच्याकडे वाघ आहेत म्हणे. कोणी बघितलाय?”

ताटावरच्या चौघांपैकी कोणीच बघितला नव्हता. माहेनूर ओढणीत हसली.

मग त्याने आपल्या गाण्याबद्दल सांगितले. त्यांच्याकडे रॅप आला तेव्हा पोरे आधी अमेरिकेची नक्कल करत. मग कोणाच्या तरी ध्यानात आले की शिव्या, थट्टा आणि गाऱ्हाणी आपल्या भाषेतच नीट बसतात. आता त्याला तिथले स्वतःचे नाव आहे, बोंगो फ्लेवा, आणि बसमध्येही तेच वाजते. तो आज गाणार होता ते त्याच्या आईचे व्हॉइस मेसेज. ती ‘जेवलास का’पासून सुरू करते आणि ‘लग्न केव्हा’पर्यंत येते. शेवटच्या कडव्यात माहेनूर तिच्या अम्मीची बोलणी वऱ्हाडीत म्हणणार होती. बराकाची आई फोनवरून सगळे ऐकणार होती.

“भाऊजी, हे सांगा लोकांना,” कौशल्याबाई म्हणाल्या. “शहर, तळं, कपाशी, आईचं गाणं. चार वाक्यं पुरे.”

“घेतो ना,” भगवंतराव म्हणाले.

आणि संध्याकाळी, सभागृह भरल्यावर, माइक पुसून ते म्हणाले, “ज्यांना परिचयाची गरज नाही, असे हे कलावंत आफ्रिकेच्या निबिड अरण्यातून आले आहेत, जिथे सिंहाची गर्जना हीच बाळाची अंगाई असते.”

पहिल्या रांगेत बसलेल्या कौशल्याबाईंनी चष्मा काढला. दिसणे कमी झाल्याने ऐकणेही कमी होईल, अशी त्यांची आशा असावी.

दीपप्रज्वलन झाले. व्यासपीठावरच्या सातही जणांचे सत्कार झाले. अध्यक्षांनी सांगितले की रॅप म्हणजे आपला पोवाडाच, फक्त घाईत म्हटलेला, आणि आफ्रिकेने तो कुठून नेला यावर संशोधन व्हायला हवे. उपाध्यक्षांनी आफ्रिका हा देश प्रगती करत असल्याबद्दल आनंद व्यक्त केला. मग बराकाचा सत्कार झाला. डोक्याला फेटा, खांद्यावर शाल, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात काचेतले स्मृतिचिन्ह. त्याच्यापुढे माइक धरण्यात आला तेव्हा तो घ्यायला त्याच्याकडे हातच उरला नव्हता. माहेनूरने नारळ आणि काच काढून घेतली, मोबाइल लावला, ठेका सुरू झाला. मागच्या रांगेतली पोरे उभी राहिली.

तिसऱ्या ओळीला बाजार समितीचे माजी सभापती केशवराव दारातून आत आले.

भगवंतरावांचा हात वर गेला. ठेका थांबला. केशवरावांना व्यासपीठावर आणले, तेव्हा कळले की शाली संपल्या आहेत. भगवंतराव क्षणभरही डगमगले नाहीत. ते हसतमुखाने बराकाजवळ गेले, त्याच्या खांद्यावरची शाल अलगद उचलली, झटकली आणि केशवरावांना पांघरली. नारळ तर माहेनूरच्या हातात तयारच होता.

बराकाने पुन्हा सुरुवात केली. या वेळी पाचव्या ओळीपर्यंत पोहोचला, तोवर सभागृहाला पंखे देणारे दाते आले. मग दात्यांचे व्याही आले.

“काका, आता त्याले म्हनू द्या ना,” माहेनूर व्यासपीठाच्या पायरीवरून दबक्या आवाजात म्हणाली. “त्याची माय तिकडे फोन धरून बसली हाये.”

“दोन मिन्टं, पोरी. व्याही पह्यल्यांदा आले. काय म्हनतीन?”

“अन तो कितव्यांदा आला?”

“तो घरचाच हाये आता. त्यानं आपल्या घरी कन्या खाल्ल्या.”

सभागृह नऊपर्यंतच मिळालेले. कुर्बानभाई, तिथले रखवालदार, बटणांच्या फळीशी आले. “साहेब, टाइम झाला. आता लाइट बंद करून राह्यलो.” आधी माइक गेला, मग पंखे, मग दिवे. एकच बल्ब ठेवला, पाहुणे पायरीवर ठेचकाळू नयेत म्हणून.

पोरांनी वाट पाहिली नाही. बराकाला घेऊन ती बाहेर, गाड्या लावायच्या मोकळ्या जागेत गेली. एकाने स्कूटरच्या सीटवर थाप धरली. बराकाने फेटा काढून हँडलवर ठेवला आणि माइकशिवाय सुरू झाला. शब्द एकमेकांना ढकलत येत होते, पण एकही पडत नव्हता. मध्येच आईचा आवाज, ओढलेला, चिडका, लाडिक. भाषा कळत नसलेली पोरे नेमक्या जागी हसत होती. मधूनच स्वाहिलीतही तसाच असलेला ‘दुनिया’ शब्द ऐकू येई, आणि कुर्बानभाई किल्ल्यांचा जुडगा थोपवून मान हलवत. मग माहेनूरने अम्मी सुरू केली, “अवं पोरी, तू शिकून राह्यली का फिरून राह्यली,” आणि कौशल्याबाई, काठी भिंतीला टेकवून, हसल्या. माहेनूरच्या हातातल्या फोनमधून कोणी बाई खदखदून हसत होती.

आत अंधूक उजेडात भगवंतराव दहाही मान्यवरांना आभार ऐकवत होते. बाहेरचा गलका वाढला तसे दारात येऊन त्यांनी पोरांना सांगितले, “शांत राहा. समारोप चालू आहे.”

रविवारी सकाळी ते पेढे घेऊन वहिनींकडे आले.

“संमेलन आपल्याले भेटलं,” ते म्हणाले. “वामनराव म्हने, एवढी मोठी मानसं आली, पन एकबी नाराज नाही गेला. दामिनीले हे जमलं नसतं.”

“नसतंच जमलं,” कौशल्याबाई म्हणाल्या. “तिनं त्या मुलाला गाऊ दिलं असतं.”

“गायला ना तो, बाहेर. मी मना केलं का?”

“तुम्ही ऐकलंत?”

“ऐकाले येळ कुठं होता? आभार राह्यले होते.” मग त्यांचा चेहरा उजळला. “त्यालेबी बोलावू संमेलनात, वहिनी. पह्यल्याच दिवशी. त्याचा परत एक सत्कार ठेवू. शालीचं मी पाहतो.”

कौशल्याबाईंनी पेढ्याचा पुडा उचलून टेबलावरून फ्रिजवर ठेवला आणि भाऊजींना चहा विचारला नाही. भगवंतरावांच्या हे लक्षात आले असते, पण ते संमेलनाचे पहिले वाक्य मनात जुळवत होते.

संध्याकाळी कौशल्याबाईंनी डायरीत शनिवारचे उरलेले सगळे लिहिले. दोन पाने झाली. शाल काढून घेतली ते लिहिले, फोनमधली बाई हसली तेही लिहिले. मग तारीख घालून रविवारचे एवढेच: दुपारी गॅस संपला, नवा सिलिंडर लावला.