मानपूरच्या घड्याला लागलेली चिंच

माळव्यात, परदेशीपुऱ्यात राहणाऱ्या संजीव शितोळ्यांना मळ बघवत नसे. हा स्वभाव घराण्यातूनच आलेला. आजोबा दरबारच्या मुदपाकखान्यात तांब्या-पितळेची भांडी घासायचे, त्यामुळे चिंच, मीठ आणि नारळाची शेंडी यांना घरात देवाच्या खालोखाल मान. नोकरी होती ती कापड मिल बंद पडल्यावर संजीवराव दुकानात बसले, रिक्षा चालवली, पण जीव कुठेच रमला नाही. तो रमला थेट म्हातारपणी, एका संशोधन केंद्राच्या मागच्या खोलीत, उत्खननातली खापरं धुताना.

खापरं मानपूरजवळच्या एका टेकाडातून यायची. तिथे एक मोठा घडा फुटक्या अवस्थेत सापडला होता. केंद्रातल्या शर्वरी मॅडमना, ज्या संजीवरावांना काका म्हणत, एकाच प्रश्नानं पछाडलं होतं: दोन हजार वर्षांपूर्वी माळव्यातली माणसं स्वतः द्राक्षं पिकवून मद्य करत होती का? घड्यात जे भरलेलं असतं त्याचा अंश खापराच्या छिद्रांत मुरून राहतो म्हणे. म्हणून त्यांनी बजावलं होतं, फक्त साधं पाणी आणि मऊ ब्रश. काकांनी मान डोलावली. पण काही तुकड्यांवरचा पांढरा थर काही केल्या निघेना, आणि शितोळ्यांच्या हातून वस्तू तशीच मळकी सुटणं म्हणजे घराण्याची अब्रूच गेली. त्यांनी घरून डब्यात चिंचेचं पाणी आणलं. थर निघाला. काका खूश झाले.

पुढे तपासणीचा अहवाल आला. द्राक्षात असतं ते आम्ल खापरांत सापडलं होतं. केंद्रात जिलबी वाटली गेली. कुणीतरी विचारलं, हे फक्त द्राक्षातच असतं का? चिंचेतही असतं, मॅडम म्हणाल्या, पण तिथेच द्राक्षाच्या जळक्या बियाही मिळाल्यात, तेव्हा आशा धरायला हरकत नाही. संजीवरावांनी हातातली जिलबी हळूच परत ताटात ठेवली.

घरी त्यांनी सुलोचनाबाईंना सगळं सांगितलं. "अहो, तुम्ही काय जानबूझके केलं का? चुप बसा ना," बाई म्हणाल्या. पोळ्या होईपर्यंत त्यांचंच मत फिरलं. "पण त्या पोरीनं किताबात छापून टाकलं तर?" काकांना दोन्ही पटलं, आणि तिथेच घोळ झाला. सांगावं तर हे काम जाणार, आणि या वयात असं काम पुन्हा कोण देणार? न सांगावं तर त्या पोरीचं सगळं संशोधन आपल्या डब्यातल्या चिंचेवर उभं राहणार. शिवाय मनात एक वेडी आशाही होती की द्राक्षं खरीच असतील.

दोन दिवस ते असेच भिरभिरत राहिले. मग मॅडमसमोर उभे राहिले. "मॅडम, ते खट्टं माझं पण असू शकतं."

मॅडमना आधी काही कळेना. काकांनी चिंचेच्या पाण्याचं सांगितल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "काका, कोणते तुकडे?"

संजीवराव खापरांसमोर गेले. एक उचललं, ठेवलं, शेजारचं उचललं. सगळीच सारखी स्वच्छ. "मला नाही समजून राहिलं," ते म्हणाले.

मॅडमनी संजीवरावांसमोरच तपासणीवाल्यांना कळवून टाकलं की हा निकाल धरू नये. आता उरल्या फक्त बिया, आणि बियांचं काय, कुणी बाहेरून आलेल्या मनुका खाऊन त्या थुंकल्याही असतील. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर काकांना निदान काही कळलं तरी असतं.

सोमवारी ते काम सोडतो असं सांगायचं ठरवूनच आले. पण टेबलावर त्याच घड्याच्या गळ्याचे नवे तुकडे मातीसकट ठेवले होते, शेजारी हातमोजे. मॅडम म्हणाल्या, "तपासणीला जाईपर्यंत हे तुमच्या ताब्यात. पुसायचं नाही, धुवायचं नाही. दुसऱ्या कुणाला हातही लावू द्यायचा नाही."

ही शिक्षा की विश्वास, हे संजीवरावांना काही केल्या उमगेना, आणि विचारायचा धीरही होईना. जन्मभर मळ काढलेला माणूस आता मळाची राखण करत बसला. त्यांचे डोळे एकदम भरून आले. तशी त्यांनी खुर्ची घाईनं मागे ओढली आणि तोंड फिरवलं, खारं पाणी त्या खापरांवर पडू नये म्हणून.