चाकाला थांबायची परवानगी

रामकिशन सर आमच्या मानवतच्या शाळेत अकरा वर्षं तासिका तत्त्वावर गणित शिकवतात. म्हणजे शिकवतात रोज, पण नोकरी कच्ची. माणूस इतका नम्र, की रिकाम्या वर्गात शिरतानाही दारात थबकतो. मला त्यांचा राग येतो आणि त्यांच्यासाठी जीवही तुटतो.

यंदा संस्थेचे अध्यक्ष दिनकरराव म्हणाले, "परभणीच्या स्पर्धेत आपला रोबो जिंकला, तर सर, तुमची कायमची ऑर्डर काढलीच समजा." त्या दिवसापासून सर डबासुद्धा प्रयोगशाळेतच खाऊ लागले.

रोबोने टेबलावर फिरत ठोकळे उचलायचे होते, पण कडेवरून पडायचं नव्हतं. प्रोग्रामची मांडणी दहावीतल्या रुपालीने सुचवली. "सर, ज्याचं काम त्याला देऊ. सेन्सरला कड दिसली की चाकानं तिथंच थांबायचं. कुणाला इचारायचं न्हाई."

करून पाहिलं. रोबो एकदाही पडला नाही. मग सर ती मांडणी घेऊन दिनकररावांच्या मंजुरीला गेले. कुणी बोलावलं नव्हतं, पण खोड जाते कुठे!

"चाक आपल्या मनानं थांबायलंय?" दिनकरराव उखडले. "मग अध्यक्ष काय शोभेला हाय का?"

सरांनी सगळं नव्याने लिहिलं. प्रोग्रामला एक अध्यक्ष नेमला. सेन्सरने त्याला कळवायचं, त्याने हुकूम दिला तरच चाकाने थांबायचं. आणि हा अध्यक्ष एका वेळी एकच अर्ज बघणार.

"सर, ह्ये पडंल," रुपाली म्हणाली.

"साहेबांना पटलंय ना? मग न्हाई पडत."

परभणीत रोबोने पहिला ठोकळा धरला आणि हात उचलायची परवानगी मागितली. तेवढ्यात सेन्सरला कड दिसली. अध्यक्ष हाताच्या अर्जात गुंतलेले. चाकं फिरतच राहिली आणि रोबो सगळ्यांदेखत खाली आपटला.

"समोर कड दिसायली अन् चालायलाय! एवढंबी कळंना?" दिनकरराव ओरडले.

सर खाली बसून तुकडे गोळा करत होते. मान वर न करता म्हणाले, "त्याची चूक न्हाई साहेब. त्याला कड दिसली होती. हुकमाची वाट बघत होता. अकरा वर्षं झाली, मी बी तेच करायलोय."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. वाजवल्या नाहीत, कारण नोकरी मलाही आहे.

दिनकररावांनी घसा खाकरला. "तुमच्या नोकरीचं ना? अर्ज द्या, बघू."

मला वाटलं, आता तरी सर ठणकावतील. सरांनी खिशातून पेन काढलं आणि हळूच विचारलं, "साहेब, कुणाच्या नावानं लिहू?"