उन्हानं प्यायलेलं पाणी

सूर्याशी उघड वैर धरलेली माणसं जगात फार नसतील. मला तरी एकच ठाऊक आहे, आणि ती म्हणजे माझ्या बायकोची मोठी मावसबहीण. नागपूरच्या, सिव्हिल इंजिनिअर, एकट्या राहणाऱ्या. आम्ही सगळेच त्यांना ताई म्हणायचो. नव्वदच्या दशकात मराठी माणूस अमेरिकेत उतरला की थेट कॉम्प्युटरपुढे जाऊन बसायचा. ताई मात्र कोलोरॅडोत, डेन्व्हरच्या उत्तरेला, खडी काढणाऱ्या एका कंपनीत पाण्याचं काम बघायच्या. खडीच्या खाणीत पाण्याचं काय काम, असं मी पहिल्याच भेटीत विचारलं आणि ताटातला वरणभात पार निवून गेला तरी उत्तर चालूच राहिलं.

उत्तर असं होतं. नदीकाठची जमीन थोडी खणली की खडीसोबत भूगर्भातलं पाणी उघडं पडतं आणि खड्ड्याचं तळं होतं. मातीच्या पोटात असताना ते पाणी सावकाश नदीला जाऊन मिळायचं. आता त्यावर ऊन पडतं, ते वाफ होऊन उडून जातं आणि नदीला तेवढं कमी मिळतं. त्या नदीचा तर थेंबन्‌थेंब कुणाच्या ना कुणाच्या हक्काचा, पणजोबांच्या काळापासून कोर्टात ठरलेला. म्हणून कायदा म्हणतो, तुमच्या खड्ड्यातून उन्हानं जेवढं प्यायलं तेवढं दुसरीकडून आणा आणि नदीत सोडा. किती प्यायलं ते काढणं आणि तेवढं सोडलं जातंय का हे बघणं, ही ताईंची नोकरी.

ही नोकरी पाच वाजता संपते असं कंपनीला वाटायचं. आमच्याकडे आल्या की ताई आधी स्वयंपाकघरात जाऊन सगळ्या पातेल्यांवर झाकणं ठेवायच्या. रेस्टॉरंटमध्ये चहाच्या कपावर बशी उपडी घालून त्या गप्पा मारायच्या. वेट्रेसला वाटे, चहा आवडला नाही. एका पिकनिकला यजमानांनी हौसेनं नवा स्विमिंग पूल दाखवला, तर ताईंनी कौतुकाऐवजी विचारलं, "रात्री झाकता ना?" त्या यजमानीणबाई पुढे वर्षभर आमच्याशी जरा जपूनच बोलत होत्या. ऊन किती पितं याचा अंदाज यावा म्हणून ताईंनी आमच्या बाल्कनीत पाण्यानं भरलेली परात ठेवली होती. एकदा पाणी फारच उतरलं, तेव्हा त्यांनी आधी सूर्यावर, मग खारींवर आणि शेवटी माझ्यावर संशय घेतला. मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

मीही त्यांना हसतच राहिलो असतो, पण तो कोरडा उन्हाळा आला. कंपनीचं नदीत सोडायचं बदली पाणी एका जुन्या कालव्यातून यायचं. जुलैत कालव्याचा काठ खचला. दुरुस्ती कधी होईल ते कुणी सांगेना. तळं मात्र उन्हात पसरलेलं आणि नदी खडकांना लागलेली. खाली काही मैलांवर एक म्हातारी बाई कलिंगडं लावायची. नदी आटली की आधी तिचा पंप बंद होणार, कारण पाणी आधी जुन्या हक्काला मिळायचं आणि तिचा हक्क सगळ्यांत नवा. ताई तिच्या शेतावर जाऊन आल्या आणि त्या दिवशी आमच्याकडे जेवल्याच नाहीत.

त्यांचा मॅनेजर तसा भला माणूस. ताईंचं नाव त्याला उच्चारता येत नसे, म्हणून तो त्यांना कौतुकानं 'डॉक' म्हणायचा. तो म्हणाला, शरद ऋतूत दुप्पट सोडू, आत्ता कुठे बोलायचं नाही. ताई म्हणाल्या, कलिंगडं शरद ऋतूपर्यंत थांबणार नाहीत. मग त्यानं आवाज न चढवता सांगितलं, सरकारी ऑफिसला कळवलंस तर सोमवारी यायची गरज नाही. ताईंचं ग्रीन कार्ड याच कंपनीमार्फत व्हायचं होतं. सोमवार चुकला तर नागपूर. आम्ही दोघांनी त्यांना परोपरीनं समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सकाळी फोन करून सरकारी ऑफिसला कळवलं.

नुसतं कळवून थांबल्या असत्या तर त्या ताई कसल्या. शेजारच्या छोट्या गावात सांडपाणी शुद्ध करून नदीत सोडत. त्यातलं काही पाणी डोंगरापलीकडून आणलेलं, या नदीचं नव्हेच, म्हणून गावाच्या मालकीचं, हवं त्याला देता येण्यासारखं. ताईंनी ते मागायचं ठरवलं. गावाच्या सभेला मला सोबत नेलं. "जावईबापू, नुसते बसा. माझं इंग्रजी अडखळलं तर मान हलवा."

सभेत आधी कुत्र्यांच्या पट्ट्यांवर वाद झाला. मग साडी नेसलेली एक बाई उठली आणि तिनं गावाकडे त्यांच्या संडासांचं पाणी मागितलं. हॉल खदखदून हसला. मागच्या रांगेत मॅनेजर येऊन बसलेला मला दिसला आणि माझी मानच हलेना. हसू ओसरल्यावर मेयरनं विचारलं, ऊन पडतं यात तुमचा काय दोष? एवढी धडपड कशासाठी?

ताई इंग्रजीत म्हणाल्या ते मराठीत असं होतं : "आमच्या गावात तलाव होता. माझ्या आजीला त्याला हात लावायची बंदी होती. वरच्या कुणी ओतलं तर ओंजळीत घ्यायचं, नाहीतर तसंच परतायचं. तुमच्या कायद्यात लिहिलंय की खालच्या माणसाचंही पाणी ठरलेलं असतं, ते वरच्यानं पिऊन टाकायचं नाही. मी ते वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. ते नुसतं लिहिलेलं राहू नये."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हात वर झाले, ठराव झाला, आणि सरकारी मंजुरी येताच गावाचं पाणी कंपनीच्या नावे नदीत मोजलं जाऊ लागलं, म्हणजे उन्हानं प्यायलेलं भरून निघालं. कलिंगडं वाचली. एक आमच्या दारात येऊन पडलं, ते कापायला ताईंना बोलावलं. ज्या बाईच्या परातीवरून मी चेष्टा केली होती तिच्यासमोर मला नीट बसता येईना. मॅनेजरनं ताईंना काढलं नाही. ग्रीन कार्डही झालं. पण तो पुन्हा त्यांना डॉक म्हणाला नाही, आणि ते त्यांना लागलं असावं. दोन वर्षांनी एक कॉम्प्युटरचा कोर्स करून त्या दूर पूर्वेला पार्सिपनी गावी गेल्या, सगळ्यांसारख्या.

एकदा त्या आल्या तेव्हा मी त्यांना तिकडे नेलं. खाण बंद झाली होती. तळ्याभोवती झाडं वाढलेली, पाण्यावर पांढरे पक्षी. "खणणं संपतं," ताई म्हणाल्या, "तळं संपत नाही. ते आहे तोवर पाणी भरून द्यायलाच हवं." मग त्यांनी हळूच विचारलं, "देत असतील ना?"

मला ठाऊक नव्हतं. त्या गेल्यावर मी दोन-तीन ऑफिसांत फोन करून चौकशी केली. मग पार्सिपनीला लावला. ताई कामावर होत्या, निरोप घेणारं मशीन लागलं. मी एवढंच म्हणालो, "ताई, देतायत."